अकराचे सत्तावीस

कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचावा, असं मी गेली अठ्ठावीस वर्षं लोकांना सांगत आलो आहे. नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे बसून मी दुसरं काही केलंच नाही म्हणा ना. तेव्हा फादर जोवित यांनी पुढे केलेल्या कागदावर मी न वाचता सही ठोकली, यावर माझी बायको मेदिंग अजून विश्वास ठेवत नाही. ती म्हणते, "तू वाचला असणार, लारियो. वाचून कळला नसणार."

कागद धर्मप्रांताच्या कार्यालयातून आला होता. 'संगीतसेवकांची आध्यात्मिक व सांगीतिक घडण' असा त्याचा मथळा. खाली लिहिलं होतं की, चर्चच्या ज्या गायकवृंदाने हा दोन दिवसांचा घडणवर्ग केलेला नाही, त्या कॉयरला यापुढे बिशपांच्या मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत, गाता येणार नाही. आता, आमच्या गावची आश्रयदाती संत सिसिलिया, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची संत. त्यामुळे आमच्या गावात न गाणारा माणूस सापडत नाही. गाता येणारा क्वचित सापडतो. बावीस नोव्हेंबरला तिचा सण, त्या दिवशी बिशप येतात, आणि एकोणीस वर्षं त्या मिस्सेचं गाणं आमच्या कॉयरकडे आहे. माझ्यासकट अकरा जण. मी ऑर्गन वाजवतो. दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे ताल हनुवटीने देतो.

"फादर," मी म्हणालो, "अठ्ठावन्नाव्या वर्षी माझी काय घडण करणार?"

"मांग लारियो, घडण सगळ्यांचीच व्हायची असते. माझीही चालूच आहे."

वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे मांग म्हणतात, बाईला आलिंग. फादर एकतीस वर्षांचे आहेत. त्यांची चालू असेल. घरी येऊन हे सांगितलं तर मेदिंग भांडी घासता घासता म्हणाली, "भाजलेलं मडकं पुन्हा चाकावर चढवतायत म्हणजे. तडा जाईल हो."

खरं तर मी रुसून बसलो असतो. रुसण्याच्या कामात माझा हात धरणारा गावात कुणी नाही. गाऊ दे शहरातल्या मोठ्या चर्चच्या एकरंगी कपडेवाल्यांना, म्हणालो असतो. पण मध्ये आलिंग इस्यांग होत्या.

आलिंग इस्यांग शहात्तर वर्षांच्या. सणाच्या मिस्सेतलं स्तोत्र त्या सलग एकेचाळीस वर्षं गात आलेल्या. मिस्सेत पहिल्या वाचनानंतर एकाने स्तोत्राची कडवी गायची आणि दर कडव्याला सगळ्या लोकांनी पालुपद म्हणायचं, अशी रीत. आमच्याकडे पालुपदही कॉयरच म्हणायचं. लोक पंख्याने वारा घेत ऐकायचे आणि बाहेर पडताना छान झालं म्हणून सांगायचे. यात काही चुकतंय असं मला एकोणीस वर्षांत वाटलं नव्हतं. तर, या आलिंग इस्यांग अठ्ठावीस नोव्हेंबरच्या विमानाने मुलीकडे कॅनडाला निघाल्या होत्या, त्या कायमच्याच. सप्टेंबरपासून त्यांच्या पुढच्या खोलीत एक भलीमोठी बॅग आ वासून पडलेली होती.

"लारियो," त्या मला म्हणाल्या होत्या, "यंदाचं स्तोत्र गाईन आणि मगच ती बॅग बंद करीन."

"गाल की," मी म्हणालो. बोलणं एवढंच झालं, पण शब्द जायचा तो गेला. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. तशी ती मला कधीच नसते. एका जागी बसणं मला जमत नाही. खिडकीमागे अठ्ठावीस वर्षं बसलो ती सरकारने बसवलं म्हणून.

घडणवर्गाचं घर माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी, दीड तासावर. अकरा जणांनी जायचं कसं, हा प्रश्न मी कुंपणाशी उभा राहून मेदिंगला विचारत होतो, इथेच माझी चूक झाली. कुंपणापलीकडे मांग डोमेंग राहतो.

मांग डोमेंगकडे दोन गोष्टी आहेत. एक जुनी जीपनी, म्हणजे माणसं भरून नेणारी लांबडी जीप, आणि एक व्हिडिओके यंत्र, ज्याच्यासमोर गायलं की ते गुण देतं. डोमेंगला ते शंभर देतं. आता, त्या यंत्राने एकदा त्याच्या शिंकेला ब्याऐंशी दिले होते, हे मी स्वतः पाहिलंय. पण डोमेंगने ते मनावर घेतलं आहे. त्याच्या आवाजाबद्दल मी एवढंच म्हणेन की सूर नावाची वस्तू त्याने दुरूनही पाहिलेली नाही.

"मी नेतो की तुम्हाला," तो कुंपणावरून म्हणाला. "फुकट नेतो. चर्चचं काम आहे."

इतक्या चांगल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मग त्याची बायको म्हणाली, जीपनीत जागा आहे तर मीही येते. तिच्या बहिणीचे गुडघे दुखतात, आणि तिकडे डोंगराखाली गरम पाण्याचे झरे आहेत, तेव्हा तीही आली. ती नवऱ्याशिवाय कुठे जात नाही. नवऱ्याने पाववालीला सांगितलं, पाववालीने तिच्या तीन सुनांना. आमच्याकडे बाहेरगावी जायचं म्हणजे एकट्यादुकट्याने जायचं नसतं. निघालेल्या माणसाला लटकायचं असतं, आणि लटकणाऱ्याला उतर म्हणणारा माणूस पुढे गावात तोंड दाखवू शकत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. शुक्रवारी सकाळी जीपनी निघाली तेव्हा तीत आम्ही अकरा आणि आणखी सोळा जण होतो. शिवाय कोंबडीच्या आदोबोची दोन पातेली, एक टोपली उकडलेली अंडी, आणि मांग डोमेंगच्या गळ्यात पोहायची रबरी ट्यूब.

दारात सिस्टर पर्पेतुआ उभ्या होत्या. लहान चणीच्या, सत्तरीच्या, अगदी हळू बोलणाऱ्या. हातात माझ्याच अक्षरातली यादी.

"इथे अकरा लिहिलेत," त्या म्हणाल्या.

"कॉयर वाढलं, सिस्टर," मांग डोमेंग म्हणाला.

"पंधरा दिवसांत?"

"देवाची कृपा."

सिस्टरनी त्याच्या गळ्यातल्या ट्यूबकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे सगळे गातात, मांग लारियो?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगतो. पण मागे सोळा माणसं वळणावळणांनी पोटात ढवळून उभी होती. त्यातली एक तर गुडघे धरून पायरीवर बसली होती. मी मान हलवली. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या खोट्या जन्मतारखा पकडणारा मी, मठाच्या दारात सोळा गायक खोटे जन्माला घालून मोकळा झालो. सिस्टर शांतपणे आत गेल्या आणि सोळा नवे नावाचे बिल्ले लिहून घेऊन आल्या.

पहिला दिवस आध्यात्मिक घडणीचा, म्हणजे मौनाचा. संध्याकाळपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही. गायला आलेल्यांना आधी गप्प बसवतात, यामागे काही तत्त्व असेल. दहा वाजेपर्यंत त्या सोळा जणांनी खाणाखुणा करून सिस्टरना विचारलं की पोहायचं तळं कुठे आहे. सिस्टरनीही न बोलता बोट दाखवलं. बागेत एक हौद होता आणि त्यात तीन तिलापिया मासे होते. डोमेंग बराच वेळ ट्यूब घेऊन त्यांच्याकडे बघत उभा राहिला. माझं म्हणाल तर मौनात माझे पाय थांबेनात. बागेला मी बेचाळीस फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक फेरीला डोक्यात तेच घोळत होतं, की आत जाऊन सिस्टरना खरं सांगावं. सांगितलं तर वर्ग रद्द, आणि वर्ग रद्द म्हणजे आलिंग इस्यांग स्तोत्राविना विमानात. मी त्रेचाळिसावी फेरी मारली.

दुपारी सिस्टरनी एकेक कागद दिला. वर एकच प्रश्न, 'मी का गातो?' नाव न लिहिता उत्तर लिहायचं. मी दोन पानं लिहिली. त्यात माझी एकोणीस वर्षं, दोन मानपत्रं आणि ऑर्गन मी स्वतः कसा दुरुस्त केला, हे सगळं आलं. संध्याकाळी सिस्टरनी मौन सोडवलं आणि काही उत्तरं वाचून दाखवली. माझं अर्धं वाचून त्यांनी बाजूला ठेवलं. दुसऱ्या एका कागदावर 'यंत्र शंभर गुण देतं म्हणून' असं होतं. ते कुणाचं, हे ओळखायला नाव लागत नव्हतं. मग त्यांनी तिसरा वाचला.

'माझा नवरा चर्चमध्ये यायचा नाही. देवाशी त्याचं काहीतरी भांडण होतं, मला त्याने कधी सांगितलं नाही. आमचं घर चर्चच्या दारासमोरच. मिस्सेच्या वेळी तो खिडकी उघडून बसायचा. गॅलरीतून मला ती खिडकी दिसते. त्याला ऐकू जावं म्हणून मी गायचे. तो गेला त्याला नऊ वर्षं झाली. खिडकी मी अजून उघडी ठेवते.'

आलिंग इस्यांग पदर चाचपावा तसा गळ्यातला रुमाल चाचपत बसल्या होत्या. मी माझी दोन पानं परत मागून घेतली आणि खिशात कोंबली.

दुसरा दिवस गाण्याचा. सिस्टरनी आधी माझी हनुवटी थांबवली. "तुम्ही ताल देता की कुणाला होकार देता, कळत नाही," म्हणाल्या. मग त्या म्हणाल्या, "कॉयरचं काम लोकांना गाणं ऐकवायचं नाही, लोकांकडून गाऊन घ्यायचं आहे. तुम्ही सुंदर गायलात आणि लोक गप्प बसले, तर तुम्ही नापास." हे मी वहीत लिहून घेतलं. वहीत लिहून घेतलं की डोक्यात ठेवावं लागत नाही. त्यानंतर त्यांनी एकेकाला उभं करून गायला लावलं. अकरा जण झाले. मग सोळा जण झाले. पाववालीची धाकटी सून गात असताना बागेतला कुत्रा उठून निघून गेला. सिस्टर शेवटपर्यंत हसतमुख होत्या, यावरून त्यांची घडण केव्हाच पुरी झाली असणार.

निघताना त्यांनी मला एक पत्र दिलं. ते मात्र मी वाचलं. 'सत्तावीस सदस्यांच्या या कॉयरने सणाची मिस्सा सर्वांनी मिळून गावी. मी स्वतः हजर राहून मोजणी करीन. त्यानंतरच सत्तावीस प्रमाणपत्रं देण्यात येतील. संख्या कमी भरल्यास परवानगी रद्द समजावी.'

"सिस्टर," मी म्हणालो, "यातले काही जण अजून नवे आहेत..."

"देवाची कृपा," सिस्टर म्हणाल्या.

मला वाटलं होतं, गावी परतल्यावर सोळाजण आपोआप गळतील. ते गळले नाहीत. प्रमाणपत्र हा शब्द त्यांनी ऐकला होता. आमच्याकडे माणूस एक वेळ जेवण सोडेल, पण चौकटीत बसवून भिंतीवर लावता येईल असा कागद सोडणार नाही. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला सोळाच्या सोळा बिल्ले लावून माझ्या अंगणात हजर. तीन आठवडे रोज तालीम झाली. एक ना धड भाराभर चिंध्या, असं त्या गाण्याचं रूप. रस्त्याने जाणारे कुंपणाशी थांबून सल्ला द्यायचे. एकाने आलं आणि कलामांसी लिंबाचा रस सुचवला. दुसऱ्याने सुचवलं की सोळाजणांना कलामांसी पाजण्यापेक्षा मी कानात कापूस घालावा. समोरची शिक्षिका म्हणाली की तिच्या तान्ह्या मुलाला आता पालुपद ऐकल्याशिवाय झोप येत नाही, आणि ऐकलं की तो रडतो. पालुपदात जेमतेम नऊ शब्द. ते आमच्या गल्लीत कोंबड्यांनाही पाठ झाले असतील. मेदिंगने सत्तावीस जणांसाठी पान्सितच्या शेवया परतून परतून शेवटी झारा माझ्या हातात दिला. "तू परत," म्हणाली. "मी जाते ऑर्गन वाजवायला. हनुवटी मलाही आहे."

आलिंग इस्यांग रोज यायच्या. एकदा गाऊन झाल्यावर हळूच म्हणाल्या, "लारियो, थोडं खाली घे रे. वरचा सूर आता ओढावा लागतो."

"बिशप येणार आहेत, आलिंग. वर घेतलं की भारदस्त वाटतं."

त्या वरच गात राहिल्या. मी लक्ष दिलं नाही, कारण तोवर गॅलरीचं प्रकरण उभं राहिलं होतं.

आमचं कॉयर चर्चच्या दारावरच्या लाकडी गॅलरीत उभं राहतं. मागच्या भूकंपानंतर तिथे नगरपालिकेच्या अभियंत्याची पाटी लागलेली आहे, एका वेळी बारापेक्षा जास्त माणसांस मनाई. बाराची मुभा वाढवून मिळावी म्हणून मी अर्ज घेऊन वरच्या मजल्यावर गेलो. अभियंता ओळखीचा, पण ओळख ही फक्त दुसऱ्याच्या कामाला येते. अर्जाला अर्जदाराचा जन्मदाखला जोडा, म्हणाला. मी खाली माझ्याच खिडकीशी आलो. आत माझी सहकारी बसली होती.

"मांग लारियो, आज सोमवार."

"मग?"

तिने काचेवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'दाखले फक्त मंगळवार व गुरुवार. वाद घालू नये.' पाटी माझ्याच हातची होती. 'वाद घालू नये' याखाली मी दोनदा रेघ मारली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मंगळवारी मी रांगेत उभा राहिलो. चौतीस जणांच्या मागे. त्यातल्या तिघांनी मला ओळखलं आणि फार आनंदाने विचारपूस केली. दाखला मिळाला, अर्जाला जोडला, आणि अभियंत्याने दोन मिनिटांत लिहून दिलं, 'बाराच.'

तर आता अकरा वर आणि सोळा खाली. पण खाली सोळा जण एकत्र उभे केले तर वरच्या गाण्याचं काय होणार, हे मला दिसत होतं. बिशप समोर, सिस्टर मोजायला, आणि आलिंग इस्यांगचं शेवटचं स्तोत्र. त्या चार दिवसांत माझं जेवणात लक्ष नव्हतं. मी उभ्याने जेवलो. आणि शेवटी मला युक्ती सुचली. माझ्या सगळ्या कारकिर्दीत इतकी लबाड युक्ती मला सुचली नव्हती. मी चर्चचा नकाशा काढला आणि सोळा जणांना सोळा वेगवेगळ्या बाकांवर वाटून टाकलं. जास्त झालेलं मीठ मोठ्या पातेल्यात पसरावं तसं. बिल्ले दिसतील, मोजणी होईल, आणि शेवटी मी म्हणालो, "आणि एक. त्या दिवशी तुम्ही फक्त ओठ हलवायचे. आवाज काढायचा नाही."

मांग डोमेंगने गळ्यातला बिल्ला सरळ केला.

"एकवीस दिवस आलो आम्ही, मांग लारियो," तो म्हणाला. चिडून नाही म्हणाला. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. "यंत्र खोटे गुण देतं, एवढं कळतं मला. पण इथे कुणी खोटं सांगत नव्हतं. बरं. हलवू ओठ."

ते सगळे गेल्यावर मेदिंग पातेली उचलता उचलता म्हणाली, "फुकट जीपनी दिली होती त्याने." मी अंगणात येरझारा घालत राहिलो. माफी मागायला मी कुंपणापर्यंत दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा रोपांना पाणी घालून परत आलो. ती रोपं पुढे कुजली.

सणाच्या दिवशी चर्च दरवाजाबाहेरपर्यंत भरलं होतं. वरून मला माझे सोळा बिल्ले दिसत होते, बरोबर नकाशाप्रमाणे. तिसऱ्या बाकावर पंख्याखाली मांग डोमेंग, लग्नातला शर्ट घालून. मागच्या खांबाशी सिस्टर पर्पेतुआ, हातात वही. बिशप आले, सुरुवातीचं गाणं झालं, सोळा तोंडं बिनआवाज हलली. मी मनात म्हणालो, लारियो, जिंकलास.

पहिलं वाचन झालं. आलिंग इस्यांग कठड्याशी उभ्या राहिल्या. पहिलं कडवं उत्तम झालं, पालुपद आम्ही म्हटलं. दुसऱ्याला वरचा सूर जरा फाटला, पण निभावलं. तिसऱ्याच्या मध्यावर त्यांनी सवयीने मान वळवून गॅलरीच्या मागच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. मीही पाहिलं. पलीकडे त्यांच्या घराची ती खिडकी बंद होती. घर त्या आठवड्यात पुतण्याच्या ताब्यात गेलं होतं आणि कुणीतरी, सणाची गर्दी म्हणून, सगळी तावदानं लावून घेतली होती.

त्या थांबल्या. आवाज गेला नव्हता, त्याच थांबल्या होत्या. कॉयरचे बाकीचे नऊ जण पालुपद धरायला माझ्या हनुवटीकडे बघत होते. माझी हनुवटी थरथरत होती. त्यातून ताल कसा घेणार ते तरी? माझं बोट भलत्याच पट्टीवर पडलं, ऑर्गनने एक कण्हल्यासारखा आवाज काढला, आणि मग काहीच नाही. खाली पाचशे माणसं माना वर करून बघायला लागली. एकेचाळीस वर्षांचं स्तोत्र असं अर्ध्यावर लटकलं होतं, आणि ते तसंच लटकत ठेवून ती बाई विमानात बसणार होती.

तेवढ्यात पंख्याखालून आवाज आला. मांग डोमेंगने पालुपद धरलं होतं. आमच्या सुरापेक्षा कितीतरी खाली, मध्येच घसरून, पण खणखणीत. त्याच्यामागून पाववाली. मग उजवीकडच्या कोपऱ्यातून तिची धाकटी सून. मग बाकीचे, सोळा बाकांवरून सोळा. आणि प्रत्येक बाकावर शब्द येणारा एक माणूस मीच बसवून ठेवलेला, त्यामुळे त्याच्या शेजारचे त्याच्याकडे बघून म्हणायला लागले, पुढचे मागे वळून म्हणायला लागले. आमच्या गल्लीतल्यांना तर ते पाठच होतं. ती समोरची शिक्षिका तान्ह्याला खांद्यावर घेऊन गात होती. नऊ शब्द संपले, ते त्यांनी पुन्हा म्हटले, आणि मग तिसऱ्यांदा. हातपंखे मांडीवर पडले होते.

मी एकोणीस वर्षं लोकांना माझ्या सुरात ओढत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा मी ऑर्गनवर डोमेंगचा सूर शोधत फिरलो. तो जिथे जिथे सरकला तिथे तिथे मागे गेलो, आणि शेवटी तो सापडला. बराच खाली होता. मी तो धरून ठेवला आणि आलिंग इस्यांगकडे पाहिलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांनी शेवटचं कडवं घेतलं, त्याच खालच्या सुरात, आणि तो त्यांच्या शहात्तर वर्षांच्या गळ्याला असा बसला की मला माझी लाज वाटली. त्यांनी तीन आठवडे आधी तेवढंच मागितलं होतं.

मिस्सेनंतर सिस्टर पर्पेतुआ चर्चच्या अंगणात भेटल्या. वही कोरी होती.

"सत्तावीस मोजायला आले होते," त्या म्हणाल्या. "मोजता येईनात. सगळेच गात होते. आता सांगा, किती लिहू?" मग मांग डोमेंगकडे वळून म्हणाल्या, "लोकांमध्ये असं माणूस माणूस पेरून ठेवायची कल्पना कुणाची?"

"मांग लारियोंची, सिस्टर," डोमेंग म्हणाला. मठाच्या दारात म्हणाला होता तितक्याच सहज.

माझ्यात असलेली नसलेली सगळी भीड मी एकदाची बाजूला काढली. "सिस्टर, मी त्यांना फक्त ओठ हलवायला सांगितलं होतं. आणि हे कॉयरमध्ये नव्हतेच. पोहायला आले होते."

"ट्यूब दिसली होती मला," सिस्टर म्हणाल्या. "चला, त्यांची घडण झाली म्हणायची. तुमची चालू ठेवू." आणि त्यांनी वहीत सव्वीस आकडा लिहिला. मी तो नीट वाचला. डोमेंगने मला हाताला धरून आपल्या घरी जेवायला नेलं, तांदळाची गोड बिबिंगका वाढली आणि यंत्र सुरू केलं. मी गायलो. मला एकाहत्तर गुण पडले.

संध्याकाळी आलिंग इस्यांगकडे गेलो. बॅग भरून झाली होती, पण बंद होत नव्हती. "तू बस वर," त्या म्हणाल्या. मी बॅगेवर बसलो. त्यांनी आधी जाऊन ती खिडकी उघडली. चर्चमध्ये कुणीतरी बाक सरकवत होतं, तेवढा आवाजही स्पष्ट ऐकू येत होता.

"लारियो," त्या खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, "इतकी वर्षं मी गातच होते. आज पहिल्यांदा थांबून ऐकलं. त्याला इथे बसून हे असं ऐकू यायचं होय."

त्या गुडघ्यांवर बसून बॅगेची चेन ओढायला लागल्या. ती मध्येच अडली.

"हलू नकोस हं," त्या म्हणाल्या. "तू हलतोस फार."

चेन पूर्ण लागेपर्यंत, आणि लागल्यानंतरही बराच वेळ, मी जागचा हललो नाही.